अरण्याच्या दारीं मुक्काम कोठें करावा?

मनुष्य प्रवासाला निघाला म्हणजे तो काय पाहावयास जातो हें सगळे विचारतात. तो उतरतो कोठें हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. तीर्थयात्रेच्या काळीं हा प्रश्न गौण होता हें खरें. धर्मशाळा ठरलेली असे, क्षेत्रोपाध्याय ठरलेला असे, आणि ओसरीवर घोंगडी पसरली कीं बिऱ्हाड झालें. हल्लींच्या सुशिक्षित कुटुंबांनीं तीर्थक्षेत्रांबरोबर अभयारण्यांचीही यात्रा सुरू केली आहे, व ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु या नव्या यात्रेंत उतरण्याच्या जागेचा प्रश्न गौण राहिलेला नाहीं. आमच्या मतें तर संबंध यात्रेंत खऱ्या विचाराचा असा प्रश्न तोच एक आहे. आणि नेमका तोच आपण विचार न करतां सोडवून मोकळे होतों.

उदाहरणादाखल ताडोबाचें अरण्य घेऊं. महाराष्ट्रांतील हें सर्वांत जुनें राष्ट्रीय उद्यान. १९५५ सालीं ताडोबाच्या तळ्याभोंवतालच्या सुमारें ११६ चौरस किलोमीटर वनास ही प्रतिष्ठा मिळाली. १९८६ सालीं शेजारचें अंधारी अभयारण्य झालें. आणि पुढें दोन्ही मिळून आजचा व्याघ्रप्रकल्प बनला. त्याचा गाभा, ज्याला तिकडे सगळे 'कोअर' म्हणतात, सुमारें ६२५ चौरस किलोमीटरांचा आहे, आणि त्याभोंवतीं सुमारें १,१०० चौरस किलोमीटरांचा बफर पट्टा आहे. आंत शिरण्यास अनेक दारें आहेत : दक्षिणेच्या अंगास मोहर्ली, उत्तरेच्या अंगास कोलारा व नवेगांव, शिवाय झरी, पांगडी वगैरे आणखी कांहीं.

आतां या अरण्यांत जाणाऱ्या गृहस्थाच्या हातीं निवड कशाची असते तें पाहा. प्रवेशपत्र मिळतें तें एका विशिष्ट दाराचें, एका विशिष्ट दिवसाचें, आणि सकाळची किंवा दुपारची अशा एका फेरीचें. एका फेरीस किती गाड्या सोडावयाच्या तें ठरलेलें. जिप्सीचें भाडें ठरलेलें, गाइडचा मेहनताना ठरलेला. रस्ते ठरलेले, परतण्याची घटका ठरलेली. मंगळवारीं सुट्टी, जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने गाभा बंद. गाभ्याचा किती भाग पर्यटनास मोकळा ठेवावा याची मर्यादाही राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानें २०१२ सालीं घालून दिलेली आहे : फार तर शेंकडा २०. राहतां राहिला वाघ. तो दिसावा कीं न दिसावा हें त्याच्या मर्जीवर. म्हणजे सरकारनें, ऋतूनें व वाघानें आपापलें ठरवून टाकल्यावर प्रवाशाच्या हातीं मोकळी निवड उरते ती एकच : रात्रीं पाठ कोठें टेकावयाची. जेथें निवड आहे तेथेंच जबाबदारी आहे. ज्या गोष्टी आपल्या हातच्या नव्हेत त्यांविषयीं आपण महिनाभर चर्चा करतों, आणि जी एक हातची आहे ती जाहिरातींतील चित्रें पाहून पांच मिनिटांत उरकतों.

ही निवड करतांना बहुतेकांच्या ओठीं तीन प्रश्न असतात. दारापासून किती अंतर? पोहण्याचा तलाव आहे काय? आणि तेथून वाघ 'हमखास' दिसतो काय?

पैकीं पहिला प्रश्न व्यवहाराचा आहे, व त्याचें उत्तरही सोपें आहे. कोलाऱ्याचें प्रवेशपत्र आणि मोहर्लीची खोली असा विजोड संसार जुळविणाऱ्यास पहाटेच्या अंधारांत अरण्याला वळसा घालावा लागतो. म्हणून आधीं प्रवेशपत्र मिळवावें आणि मग त्या दाराच्या बाजूचा मुक्काम शोधावा, हा क्रम कोणीही शहाणा माणूस पाळील. परंतु दारापासून शंभर पावलांवर राहणें आणि तीन-चार कोसांवर राहणें यांत फरक पडतो तो अर्ध्या तासाच्या झोपेचा. फाटक सर्वांना एकाच वेळीं उघडतें. तरीही या शंभर पावलांसाठीं दुप्पट-तिप्पट दाम मोजणारे लोक आहेत, आणि त्या दामाच्या आशेनेंच फाटकांच्या तोंडाशीं इमारतींची दाटी होत गेली आहे.

दुसऱ्या प्रश्नाची मात्र आम्हांस लाज वाटते. ताडोबाला झुंबड उडते ती एप्रिल-मे महिन्यांत. तेव्हां चंद्रपुरचा पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असतो. नाले आटलेले असतात, झाडी विरळ झालेली असते, आणि तहानेनें व्याकुळ झालेलें जनावर उरल्यासुरल्या पाणवठ्यावर येतें. आपल्याला वाघ दिसतो तो त्याच्या तहानेमुळें. वनखातें सौरपंप बसवून पाणवठ्यांत पाणी सोडीत असतें, आणि त्याच मोसमांत, त्याच जमिनीच्या पोटांतलें पाणी उपसून कुंपणाअलीकडे आपण निळ्या फरशीच्या हौदांत डुंबत असतों. सकाळीं तहान पाहावयाची आणि दुपारीं पाणी उधळावयाचें, यांतील विसंगति एरवीं चतुर असणाऱ्या मंडळींच्या ध्यानांत कशी येत नाहीं?

तिसऱ्या प्रश्नावर फार शब्द खर्चण्याचें कारण नाहीं. जो वाघाची हमी देतो तो एक तर खोटें बोलतो, किंवा ती हमी खरी करण्यासाठीं गाइडवर व गाडीवानावर असा दाब आणतो कीं एका वाघामागें दहा गाड्या धांवूं लागतात. वाघाच्या हमीवर विकली जाणारी खोली घेऊं नये, इतकेंच सांगणें पुरे आहे.

आतां या तीन प्रश्नांत जो प्रश्न नाहींच त्याकडे वळूं. जाहिरातवाला ज्या भूमीला 'निसर्गरम्य परिसर' म्हणतो ती भूमि वस्तुतः कोणाची व कशी आहे? ती बफरची भूमि आहे. तेथें गांवें आहेत, धानाचीं बांध्यांचीं शेतें आहेत, गुरें आहेत, आणि वाघही आहेत. गाभ्यांत जन्मलेला वाघ वयांत आला म्हणजे त्याला स्वतःचें राज्य शोधावें लागतें. तो याच पट्ट्यांतून ब्रह्मपुरीच्या किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या वनाकडे वाट काढतो. त्याच्या वाटेवर भिंत, तारांचें कुंपण, रात्रभर जळणारे दिवे आणि लग्नसमारंभांचे कर्णे उभे राहिले म्हणजे तो वाट बदलतो, आणि बदललेली वाट बहुधा कोणाच्या तरी गोठ्यावरून जाते. त्या गोठ्याच्या धन्याचें नांव आपल्या बिलावर नसतें.

त्याहून कठोर एक गोष्ट आहे. जो आपल्या पर्यटनाचा ऐन मोसम तोच तिकडच्या गरीब माणसाच्या वनांतल्या कमाईचाही मोसम. मार्च-एप्रिलांत पहाटे मोहफुलें वेंचावयाचीं, मे महिन्यांत तेंदूपत्ता तोडावयाचा. आपण उघड्या जिप्सींत बसून जें जनावर पाहण्यासाठीं पैसे मोजतों, त्याच्याच राज्यांत गांवची बाई वांकून, जमिनीकडे पाहत, पायीं फिरत असते. २०२५ सालच्या मे महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपत्त्यासाठीं गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत प्राणास मुकल्या. वाघ वांचविण्याचा खरा खर्च कोण देतो याचा हा हिशेब आहे. वाघाच्या कल्याणाविषयीं शहरांत बसून व्याख्यान देणाऱ्यानें एवढें तरी करावें कीं, त्याचा मुक्कामाचा पैसा हा खर्च देणाऱ्यांच्या घरीं जावा. प्रवेशाच्या उत्पन्नांतून गांवांना कांहीं वांटा मिळण्याची व्यवस्था सरकारनें केली आहे. खोलीच्या भाड्याची व्यवस्था सरकार करीत नाहीं, ती आपणच करावयाची असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, कीं मोठीं रिसॉर्टें गांवकऱ्यांना नोकऱ्या देतात. देतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण नोकरी कोणती तें विचारा. ज्यानें बापजाद्याची जमीन एकदांच विकली आणि तिच्याच फाटकाशीं गणवेश घालून सलाम करीत उभा राहिला, त्याला रोजगार मिळाला असें म्हणावयाचें कीं त्याचा दर्जा उतरला असें म्हणावयाचें? जमीन गेली, पिढीजात हक्क गेला, आणि बदल्यांत मोसमापुरता पगार आला. पावसाळ्यांत गाभा बंद झाला कीं तोही डळमळला. उलट ज्याच्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठीं राखलेल्या आहेत, त्याला पाहुणा न आला तरी घर राहतें आणि शेतही राहतें. दोघांत जो भेद आहे तो पगाराच्या आंकड्यांत दिसत नाहीं. म्हणून एखादें मोठें निवासस्थान जर गांवच्या जमिनीवर गांवच्या भागीदारीनें चालत असेल, तर त्याच्या मोठेपणाशीं आमचें भांडण नाहीं. आमचें भांडण मालकीशीं आहे.

दुसरा आक्षेप घरांतून येतो. वृद्ध मातापिता, लहान मुलें, यांना घेऊन आडगांवीं कसें राहावें? आक्षेप रास्त आहे, परंतु त्यांत दोन निराळ्या वस्तूंची गल्लत होते. स्वच्छ शौचकूप, उकळलेलें पाणी, मच्छरदाणी, उन्हाळ्यांत कूलर : या गरजा आहेत, व त्या मागण्याचा प्रत्येक कुटुंबाला अधिकार आहे. त्या पुरविणारीं साधीं घरें व लहान निवासस्थानें बफरच्या गांवांत आहेत. मोहर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचें निवासस्थान आहे. आणि ज्यांना एवढेंही अवघड वाटेल त्यांना चंद्रपूर शहर आहे. तेथून मोहर्लीचें दार मोटारीनें तासाभराच्या आंत येतें, आणि शिवाय गोंड राजांचा परकोट, त्यांच्या समाध्या, अंचलेश्वराचें व महाकालीचें देऊळ हें सर्व पाहावयास मिळतें, ज्याकडे वाघवेडे प्रवासी ढुंकूनही पाहत नाहींत. गरज भागली म्हणजे चैनीला गरजेचें नांव देण्याचें कारण उरत नाहीं.

तिसरा वर्ग निराळाच आहे. तो रिसॉर्टाला नाकें मुरडतो. त्याला हवें असतें अरण्याच्या पोटांतलें वनविश्रामगृह, आणि तें मिळविण्याचा त्याचा मार्ग म्हणजे कोणा साहेबाची ओळख. 'आम्ही आंत राहिलों होतों' हें वाक्य आपल्या दिवाणखान्यांत ज्या अभिमानानें उच्चारलें जातें त्यांत वनप्रेम किती आणि वशिल्याचा डौल किती, हें ऐकणाऱ्यास कळतें. या मंडळींस एक गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. ताडोबाच्या गाभ्यांतून बोटेझरी, नवेगांव, जामणी येथील लोक आपलीं घरें, आपलीं दैवतें, आपलीं मसणवटीं सोडून बाहेर आले. वाघाला निर्वेध जागा हवी म्हणून त्यांना हलविण्यांत आलें. व्याघ्र प्राधिकरणाच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक सूत्रांत म्हणूनच स्पष्ट म्हटलें आहे कीं, जेथून गांवें उठविलीं तेथें पर्यटनासाठीं बांधकाम होतां कामा नये, आणि गाभ्यांतील कायमच्या निवासाच्या सोयी क्रमाक्रमानें बंद कराव्या. जेथून गोंडाची झोपडी उठली तेथें प्राध्यापकाची किंवा वकिलाची खाट पडावी, हें कोणत्या न्यायानें? शेतकऱ्याच्या चुलीचा धूर वाघाला बाधत असेल तर आमच्या मोटारीचा धूर बाधत नाहीं काय?

येथें कोणी परदेशांचा दाखला देतात. अमेरिकेंतील यलोस्टोन १८७२ सालचें. तेथें उद्यानाच्या आंतच मोठमोठीं हॉटेलें आहेत, एक तर १९०४ पासून उभें आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानांत कुंपण घातलेल्या छावण्यांत शेंकडों लोक रात्रीं मुक्काम करतात. मग आम्हींच काय पाप केलें? पाप कांहीं नाहीं. गणित मात्र पाहावें. यलोस्टोन सुमारें ९,००० चौरस किलोमीटरांचें आहे, क्रूगर १९,००० हून अधिक. ताडोबाचा संपूर्ण गाभा क्रूगरमध्यें तीस वेळां मावेल. हत्तीच्या अंगावर बसलेली माशी आणि सशाच्या डोळ्यांत बसलेली माशी यांची बरोबरी होत नाहीं. शिवाय दाखला द्यावयाचा तर पुरता द्यावा. क्रूगरच्या उत्तर टोंकाच्या भूमीवरून माकुलेके लोकांना तेथील वर्णद्वेषी सरकारनें १९६९ सालीं हुसकून लावलें. ते सरकार गेल्यावर त्यांनीं न्याय मागितला, आणि १९९८ सालीं ती भूमि त्यांच्या मालकीची म्हणून परत मिळाली. त्यांनीं तेथें पुनः नांगर चालविला नाहीं. भूमि वन्यप्राण्यांसाठींच राखली, आणि तेथील प्रवासी-निवास करारानें चालवावयास देऊन त्याचें उत्पन्न आपल्याकडे ठेवलें. परदेशाकडून शिकण्यासारखें असें आहे. आपण मात्र तेथून छावणीचें चित्र घेतों आणि मालकीचा कागद तेथेंच ठेवून येतों.

उरला शेवटचा पक्ष, जो म्हणतो कीं इतका त्रास कशाला, जाऊंच नये; अरण्य अरण्याला सोडून द्यावें. हा पक्ष दिसावयास फार उदात्त आहे, व इंग्रजी वाङ्मय वाचलेल्यांना त्याचा मोह पडतो. १८४४ सालीं वर्डस्वर्थनें आपल्या सरोवरांच्या प्रदेशांत येऊं घातलेल्या आगगाडीला विरोध केला, हें पुष्कळांस ठाऊक असतें. त्याच वर्डस्वर्थनें त्या प्रदेशाची प्रवासमार्गदर्शिका लिहिली होती, हें मात्र सोयीस्करपणें विसरलें जातें. स्वतः पाहून घ्यावयाचें आणि नंतर इतरांसाठीं दार लावून घ्यावयाचें, ही रसिकता नव्हे, मिरासदारी आहे. आणि चंद्रपुरांत तर ही उदासीनता धोक्याचीही आहे. ताडोबाच्या आसपासच्या जमिनीखालीं कोळसा आहे. २००९ च्या सुमारास लोहारा येथें कोळशाची खाण काढण्याचा बेत होता. चंद्रपुरांत त्याविरुद्ध लोकमत उठलें आणि तो बेत मागें पडला. ज्यानें अरण्य कधीं पाहिलेंच नाहीं तो त्याच्यासाठीं तोंड कशाला उघडील? तेव्हां जावें, सहकुटुंब जावें, मुलांना तर अवश्य न्यावें. पण अशा रीतीनें जावें कीं आपल्या जाण्यानें अरण्याचे राखणदार वाढावे.

मराठी वाचकाला हें नवीन वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या भाषेंत अरण्य आलें तें कांचेच्या खिडकींतून पाहून आलेलें नाहीं. मारुती चितमपल्ली यांनीं वनखात्यांत आयुष्य घालवितांना पारध्यांकडून व आदिवासींकडून जें ज्ञान वेंचलें, त्यावर आपले कित्येक वाचक आज पोसले गेले आहेत. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यास जाऊन राहिले, तेव्हां त्या नांवाचें पुस्तक झालें. ज्ञान मिळतें तें मुक्कामांतून; आणि मुक्काम म्हणजे जेथें दुसऱ्या माणसाशीं बोलल्यावांचून दिवस जात नाहीं अशी जागा. रिसॉर्टांत शेकोटीभोंवतीं भाड्यानें आणलेलें 'आदिवासी नृत्य' आपण अर्धा तास पाहतों आणि टाळ्या वाजवून जेवावयास जातों. त्याच मुलखांत, धान घरांत आल्यावर, हिवाळ्याच्या रात्रीं गांवोगांव झाडीपट्टीचीं नाटकें उभीं राहतात. मंडप भरतो, बैलगाड्या व मोटारसायकली येतात, आणि पहांट होईपर्यंत खेळ चालतो. पुण्यामुंबईच्या रंगभूमीच्या ऱ्हासावर परिसंवाद भरविणाऱ्या आपल्यापैकीं कितीजणांनीं ताडोबाहून परततांना त्यांतलें एक तरी नाटक पाहिलें आहे? ज्याचा मुक्काम गांवांत असतो त्याला कोणत्या गांवीं आज कोणतें नाटक आहे हें जेवणाच्या पाटावर कळतें. भिंतीआड उतरलेल्याला तें कळण्याचा मार्ग नाहीं.

तेव्हां मुक्काम ठरवितांना जुने तीन प्रश्न बाजूस ठेवून चार नवे विचारावे. ही जमीन कोणाची, आणि भाड्याचा पैसा कोणत्या गांवीं राहतो? पाणी कोठून येतें व सांडपाणी कोठें जातें? रात्र झाल्यावर येथें अंधार व शांतता असते काय? आणि येथील ताटांत व बोलण्यांत हा प्रांत सांपडतो, कीं सगळें शहरांतून आणलेलें आहे? या प्रश्नांचीं उत्तरें देण्यास जो टाळाटाळ करील त्याच्याकडे जाऊं नये, मग त्याची खोली कितीही थंडगार असो. तसेंच एका रात्रींत दोन फेऱ्या उरकून पळूं नये. एकाच ठिकाणीं दोन-तीन रात्री राहावें. एक फेरी कमी केली तरी चालेल, एक संध्याकाळ गांवच्या पारावर गेली पाहिजे.

ताडोबा हें नांव ज्या दैवतावरून पडलें त्याची कथा तेथील लोक सांगतात. तारू नांवाचा एक गोंड प्रमुख वाघाशीं झुंजतांना मारला गेला. तळ्याच्या कांठीं झाडाखालीं त्याचें ठाणें आहे, आणि पौषांत तेथें जत्रा भरत आली आहे. ज्या वाघानें माणूस मारला त्याच्या रानांतच त्या माणसाला देव करून लोक पिढ्यान् पिढ्या राहिले; त्यांनीं ना वाघ संपविला, ना माणूस विसरला. अशा लोकांच्या दारीं आपण जातों. त्यांच्या ओसरीवर उतरावयाचें कीं त्यांच्या शेतावर उठविलेल्या भिंतीआड, एवढें तरी आपलें आपल्याला ठरवितां आलें पाहिजे.